खंडेनवमीचा गिअरबॉक्स

जुन्या चादरीवर एकूण एक्केचाळीस वस्तू होत्या. मोठे बोल्ट नऊ, लहान बोल्ट चौदा, वॉशर अकरा, लोखंडी पट्ट्या दोन, रबरी बुचं तीन, एक वाकडी सळी जिचं काम काय हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि एक गुंडी. गुंडी गाडीची नव्हती, मेकॅनिक खाजाभाईंच्या शर्टाची होती. हे रेणूच्या लक्षात यायला बराच वेळ गेला, कारण तोवर ती गाडीच्या पुस्तकात गुंडीचं चित्र शोधत बसली होती.

चादरीच्या पलीकडे दोन गिअरबॉक्स होते. एक गाडीतून काढलेला, मेलेला. दुसरा तसल्याच एका गाडीतून निघून चेन्नईहून लॉरीनं आलेला, आणि तो जिवंत असल्याची ग्वाही फक्त विकणाऱ्यानं दिली होती. भिंतीला टेकून तेल थंड करणारा नवा कूलर आणि त्याच्या दोन नव्या नळ्या उभ्या होत्या. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, चार लोखंडी घोड्यांवर, जमिनीपासून हातभर वर, रेणूच्या वडिलांची, एकनाथरावांची, पांढरी गाडी अधांतरी उभी होती. रेणू वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. पण त्या गाडीखाली वाकून, गिअरबॉक्स असायला हवा तिथला काळाकुट्ट पोकळ भाग बघताना तिला जी भीती वाटली, ती मोजायचं यंत्र तिच्या प्रयोगशाळेत नव्हतं.

एकनाथरावांचा डावा गुडघा वाकत नसे. क्लच नावाची गोष्ट त्यांच्या आयुष्यातून कायमची गेली होती, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक गाडी. तिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या त्या घरातून भाजीला, दवाखान्यात, मित्रांकडे, कुठंही ते कुणाला न विचारता जात, ते या गाडीमुळं. गाडी गेली असती तर ते रिक्षाच्या मागच्या सीटवर, पाय लांब करून, बाहेर काढून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी खात फिरले असते. म्हणजे फिरलेच नसते.

आणि गाडी जायची वेळ आलीच होती. मागं एकदा कोठीच्या चौकात ऐन गर्दीत तिचा गिअर सुटला. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही, आणि मागून बस. बस थांबली ती डिकीला नमस्कार करण्याइतक्या अंतरावर. शेजारच्या सीटवर एकनाथरावांचे थोरले बंधू हिम्मतराव बसले होते. त्या दिवसापासून ते या गाडीत बसले नाहीत. घटस्थापनेला घरी आले तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला.

"एकनाथ, दसऱ्याला ही गाडी तुझ्या हातानं माझ्या दारात आली, तर ठेव. नाही आली तर किल्ली मला दे. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"दादा, अहो..."

"दादा-बिदा नाही. मला भाऊ एकच आहे."

या घरात हिम्मतरावांच्या शब्दाला अपील नव्हतं. एकनाथरावांनी मान खाली घातली आणि बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढायला लागले. ते शेंगदाणे रेणूला बघवले नाहीत. "मी गिअरबॉक्स बदलून घेते," ती बोलून गेली. वाक्य लहान होतं. त्यात 'मी' होतं, हीच त्यातली चूक होती.

*

पहिलं संकट वरच्या मजल्यावरून आलं. सत्यवती या अपार्टमेंट असोसिएशनच्या सेक्रेटरी. त्यांनी जिन्यातूनच पसारा बघितला आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या हिंदीत 'हे काय?' म्हणून विचारलं.

"एंटम्मा इदी, रेणू? पार्किंग है कि कारखाना?"

"आंटी, दसऱ्यापर्यंतच."

"नियम में लिखा है. पार्किंग में सिर्फ वो रहेगा जो वाहन है. वाहन मतलब जो चलता है. इसमें गिअरबॉक्स नहीं, तो ये वाहन नहीं. सामान है."

"आंटी, ढकलली तर चालते."

"ढकललं तर माझा फ्रिजपण चालतो," सत्यवती स्वच्छ मराठीत म्हणाल्या. त्या या कुटुंबाशेजारी वीस वर्षं राहत होत्या आणि भांडणाचा शेवट नेहमी समोरच्याच्या भाषेत करत. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सूचना आली: दसऱ्याच्या संध्याकाळी सदर सामान वाहन झालेलं नसल्यास क्रेननं हलवण्यात येईल.

दुसरं संकट म्हणजे पहिल्या मजल्यावरचा मंदार. मंदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, हैदराबादेत नवा. तो येऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"मुळात हे घरी करायचं काम नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि तुम्ही इथले लोक 'करायलीस' का म्हणता? 'करते आहेस' असं आहे ते."

"मंदार, तो पाना देतोस का?"

"पाना म्हणजे स्पॅनर ना? नाही, मी नुसता बघतोय."

तो रोज येऊन नुसतं बघे. भीतीत एक गोष्ट फार वाईट असते, ती म्हणजे प्रेक्षक.

खाजाभाई मात्र भिणाऱ्यातले नव्हते. निदान तसं वाटत होतं. नामपल्लीत त्यांचं गॅरेज होतं, पाठीवर तीस वर्षांचा तेलाचा डाग होता आणि तोंडात एकच वाक्य. "फिकर नक्को करो मेडम, अपना हाथ है." त्या हातानं त्यांनी जुना गिअरबॉक्स खाली उतरवला, तेही शिट्टी वाजवत. मग ते गाडीखालून बाहेर आले, रुमालानं मान पुसली, इकडं-तिकडं बघितलं, मंदार नाही याची खात्री केली आणि म्हणाले,

"मेडम, एक बात बोलूँ? गुस्सा नक्को करो."

"बोला."

"आटोमेटिक का डब्बा मैं आज पैली बार उतारा."

रेणू खाली बसली. चादरीवरच बसली, वॉशरांवर. "मग शिट्टी कशाची वाजवत होता?"

"डर लगता तो बजाता मैं."

त्यानंतर रेणू त्यांच्या शिट्टीकडं लक्ष ठेवून असे. शिट्टी थांबली की तिला बरं वाटे.

खरी परीक्षा कन्व्हर्टरची होती. कन्व्हर्टर म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसणारं, तेलानं भरलेलं एक जाडजूड भांडं. ते फिरवत-फिरवत आत ढकलायचं. तीन वेळा 'टक' आवाज झाला म्हणजे बसलं. नीट बसलं नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर आतला तेलाचा पंप चिरडतो. पुस्तकात या तीन आवाजांच्या सूचनेभोवती जाड चौकट होती. पंप म्हणजे या यंत्राचं हृदय. तो गेला तर चेन्नईहून आलेला गिअरबॉक्सही शेजारच्या मेलेल्याच्या पंक्तीला.

पहिला 'टक' दोघांनीही ऐकला. दुसराही. तिसऱ्या वेळी नेमकी सत्यवतींच्या कुकरची शिट्टी झाली.

"हुआ," खाजाभाई म्हणाले.

"ऐकू आलं?"

"हाथ को मालूम पडा."

"हाताला मालूम पडलं की कुकरला?"

रेणूनं पोलादी पट्टी आणून आतलं अंतर मोजलं. पुस्तकापेक्षा दोन मिलिमीटर कमी भरलं. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा दोन कमी. दोघांनी मिळून भांडं फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं आणि एकदाचं ते किंचित आत सरकलं. अंतर जुळलं. आवाज मात्र झाला नाही. झाला असेल तर रेणूच्या कानातल्या ठोक्यांखाली दबला असेल. अंतरावर विश्वास ठेवावा की आवाजावर, हा विचार तिला नंतर जेवताना, चालताना, प्रयोगशाळेत वजन ठेवताना छळत राहिला. तिच्यासारख्या माणसानं अंतरावर विश्वास ठेवायचा असतो. पण पुस्तकात चौकट आवाजाभोवती होती.

संध्याकाळी एकनाथराव काठी टेकत खाली आले. गाडीकडं बघत उभे राहिले.

"बरं चाललंय ना, लेकरा?"

"हो, बाबा."

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवून धूळ पुसली आणि परत वर गेले. एक-एक पायरी. ते जिना कसे चढतात हे रेणूनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

*

खंडेनवमीला गिअरबॉक्स जागेवर बसवून बोल्ट आवळलेले होते. राहिले होते कूलर, त्याच्या दोन नळ्या आणि तेल. एका दिवसाचं काम. दसरा दुसऱ्या दिवशी. हिशोब बरोबर जुळत होता आणि रेणूला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

सकाळी ती नळ्यांचे क्लॅम्प आणायला कोठीला गेली. खाजाभाई चहाला गेले. दोघं एकदमच परत आले आणि एकदमच दारात थांबले.

पार्किंगमध्ये चादर नव्हती. तिच्या जागी पाट होता, पाटावर लाल कापड, आणि कापडावर खाजाभाईंची सगळी हत्यारं मांडली होती. घासून, धुऊन, पुसून. तीस वर्षांत प्रथमच त्या पान्यांचा मूळ रंग लोकांना दिसला. प्रत्येकाला हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. जॅकच्या गळ्यात हार. मेलेल्या गिअरबॉक्सच्याही गळ्यात हार. कूलर, नळ्या, तेलाचे डबे, सगळ्यांना बोटं ओढलेली. उदबत्ती चालू. समोर कुसुमताई डोळे मिटून, हात जोडून.

"आई! हे काय केलंस?"

"ओरडायलीस कशाला? खंडेनवमी आहे. आज हत्यारांची पूजा असते."

"अगं पण मेलेल्याचीपण?"

"त्यानंही एवढी वर्षं सेवा केलीच की."

रेणूनं पुढं होऊन बारा नंबरचा पाना उचलायला हात घातला. कुसुमताईंनी तिच्या मनगटावर चापट मारली.

"आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की उचला."

"आई, उद्या काका वाट बघणार. बाबांची गाडी..."

"मग देवालाच सांगितलंय ना मी. मध्येच हिसकावून घेऊन कसं चालेल?"

रेणूनं खाजाभाईंकडं आशेनं बघितलं. खाजाभाई हात जोडून उभे होते.

"अम्मा सई बोलते, मेडम. मेरा उस्ताद बी इस दिन पाना नै छूता था. गॅरेज में हौर कोई छुआ तो मारता था."

"ठीक आहे," रेणू दात आवळून म्हणाली. "निदान पुस्तक तरी वाचते."

पुस्तक पाटाच्या मधोमध होतं. त्यावर सगळ्यात मोठं फूल होतं. सरस्वतीही पूजेत होती आणि त्या दिवशी वाचनालाही बंदी होती. खंडेनवमीच्या दुपारी रेणू त्या सगळ्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. मंदार आला, त्यानं फोटो काढला, म्हणाला, "छान आहे. पुण्यात असं होत नाही," आणि गेला.

*

दसऱ्याला सकाळी कुसुमताईंनी पाटावर अक्षता टाकल्या, पाट किंचित हलवला आणि परवानगी दिली. त्यानंतर जे झालं ते घाईत झालं. कूलर बसला, नळ्या जोडल्या, क्लॅम्प आवळले, लाल तेल भरलं. खाजाभाई शिट्टी वाजवत होते, फार मोठ्यानं.

वर एकनाथराव तयार होऊन बसले होते. पांढरा झब्बा, टोपी, खिशात दादांना द्यायची आपट्याची पानं. रेणूनं पुस्तकातली शेवटची चाचणी घेतली. कूलरमधून गिअरबॉक्सकडे परत येणारी नळी सोडवायची, तिचं टोक बादलीत धरायचं आणि इंजिन चालू करायचं. अर्ध्या मिनिटात साधारण लिटरभर तेल यायला हवं.

खाजाभाईंनी इंजिन चालू केलं. रेणू बादलीवर वाकली.

एक थेंब पडला. थोड्या वेळानं आणखी एक.

"बंद करा," ती म्हणाली.

शिट्टीही बंद झाली. आणि आता रेणूला अजिबात बरं वाटलं नाही.

"पंप," खाजाभाई हळूच म्हणाले.

तिला तो न झालेला तिसरा आवाज आठवला. जुळलेलं अंतर आठवलं. एक मिलिमीटर चुकीचा वाचला असेल तर? पट्टीच चुकीची असेल तर? वर बाबा खिशात पानं घेऊन बसलेत. संध्याकाळी क्रेन. त्यानंतर किल्ली काकांच्या हातात, आणि बाबा रोज संध्याकाळी खाली येऊन रिकाम्या जागेकडं बघतील. 'बरं चाललंय ना' असं विचारायलाही तिथं काही नसेल.

जिन्यात मंदार उभा होता. कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यात, व्हिडिओ काढत. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला.

या वाक्याचा एक उपयोग झाला. रेणूला राग आला, आणि रागामागून डोकं आलं. तेल बादलीत येत नाही याची दोन कारणं असू शकतात. पंप ढकलत नाही, किंवा पंप ढकलतोय पण वाटेत अडतंय. दोन्हींत फरक करायचा तर वाट काढून टाकायची. ती गाडीखाली सरपटली आणि गिअरबॉक्समधून तेल बाहेर नेणारी नळी मुळाशीच सैल केली.

"चालू करा!"

लाल तेलाची जी चिळकांडी उडाली ती थेट जिन्यापर्यंत गेली आणि मंदारच्या कुर्त्यावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत उतरली. कुसुमताई किंचाळल्या. खाजाभाईंनी इंजिन बंद केलं आणि ओरडले, "खून नै है अम्मा, तेल है! पंप जिंदा है! पंप जिंदा है!"

म्हणजे अडतंय नळीत. नव्या कोऱ्या नळीत. दोघांनी ती काढली, एका टोकाला टायरचा पंप लावला. खाजाभाईंनी पायानं दोनदा दाबला, काही नाही. तिसऱ्यांदा सगळं वजन टाकलं.

फट्. समोरच्या भिंतीवर काहीतरी जाऊन आपटलं आणि हळूहळू खाली ओघळलं.

रेणूनं जवळ जाऊन बघितलं. बोटावर घेतलं. तांदूळ होते. हळद-कुंकवात भिजलेले, तेलात चिकटून घट्ट झालेले, एका झेंडूच्या पाकळीत नीट गुंडाळलेले. दुसऱ्या नळीतूनही तसंच बूच निघालं.

सगळ्यांच्या माना एकदमच कुसुमताईंकडं वळल्या.

"असं काय बघताय?" कुसुमताई म्हणाल्या. "रिकामं भांडं पूजेत ठेवत नाहीत. तोंड उघडं होतं, म्हणून चिमूटभर अक्षता घातल्या."

"आई, ते भांडं नाही. नळी आहे."

"मग तसं सांगायचं. मला वाटलं, आत काहीतरी भरायचंच असेल." त्या घाबरल्या होत्या आणि ते दिसू नये म्हणून पदर झटकत होत्या. "कशाकशात घातल्या ते आठवतंय मला. थांब, सांगते."

कूलरच्या दोन्ही तोंडांत घातल्या होत्या. तेलाच्या डब्यात नव्हत्या, कारण त्याला झाकण होतं. गिअरबॉक्स गाडीला बसलेला होता म्हणून तो वाचला. खाजाभाईंनी सगळं रॉकेलनं धुतलं, हवेनं फुंकलं, पुन्हा धुतलं, आणि प्रत्येक वेळी "माफ करना" म्हणाले. देवाला की कूलरला, ते कळलं नाही. पुन्हा जोडलं. पुन्हा बादली. लाल, जाड, अखंड धार पडली आणि लिटरभर तेल मोजून घेऊनच रेणूनं नळी परत जागेवर लावली.

मंदार अजून तिथंच होता, लाल झालेला. "पाना देऊ का?" त्यानं विचारलं.

*

एकनाथरावांनी घोड्यांवरून उतरलेली गाडी फाटकातून बाहेर काढली तेव्हा सत्यवती गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि आत गेल्या. सामान वाहन झालं होतं.

पुढं एकनाथराव, शेजारी कुसुमताई, मागं रेणू आणि तिच्या मांडीवर प्रयोगशाळेतून मागून आणलेला तापमापक, लांबून रोखून तापमान वाचणारा. त्यांच्यामागं स्कूटरवर खाजाभाई, रस्त्यावर तेल सांडतंय का बघत. नव्या कूलरनं काम केलं नाही तर तेल तापत जातं. शंभर अंशांपर्यंत ठीक. एकशेवीसच्या पुढं तेल जळायला लागतं, आणि जळालेलं तेल गिअरबॉक्सला घेऊन जातं. धुऊनही दोन-चार दाणे कुठं वळणात राहिले असतील तर ते आत्ता कळणार नव्हतं. गाडी गरम झाल्यावर कळणार होतं. भर रस्त्यात.

रस्ता म्हणजे झेंडू, माणसं, ढोल आणि हार घातलेल्या रिक्षा. कोठीच्या चौकात गाडी थांबली. मागं बस येऊन उभी राहिली. एकनाथरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळले गेले. सिग्नल सुटला. त्यांनी पाय दाबला. गाडी पुढं गेली, जणू गाड्या पुढं जातातच.

हिम्मतरावांचं घर नामपल्लीच्या मागच्या गल्लीत, दारासमोर उभा चढ. दारातच ते खुर्ची टाकून बसले होते. सकाळपासून बसले होते, असं नंतर काकू म्हणाल्या. एकनाथराव चढाच्या पायथ्याशी थांबले.

"इथंच लावू का, दादा?"

"दारात म्हणालो होतो."

एकनाथरावांनी पाय दाबला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही. रेणूनं डोळे मिटले. तो एक क्षण होता. मोजता आला असता, पण तिनं मोजला नाही. मग खालून कसलासा मऊ झटका आला, आणि गाडी मान वर करून, संथपणे, थेट खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. हिम्मतराव खुर्चीतून उठून दोन पावलं मागं सरकले होते.

भावानं उतरून, कमरेत वाकून पाया पडून आपट्याची पानं दिली, ती त्यांनी घेतली. मग गाडीकडं बोट केलं.

"थंड आहे का? परत जाताना काही होणार नाही ना एकनाथला?"

रेणू नव्या साडीनिशी रस्त्यावर आडवी झाली आणि गाडीखाली डोकं घातलं. तापमापक गिअरबॉक्सच्या तळावर रोखला.

"किती?" हिम्मतराव वाकून विचारत होते. "नीट बघ. तीनदा बघ."

तिनं तीनदा बघितलं.

"त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी."